शिल्लक हवा

काटा पन्नासावर आला तशी काटेसाहेबांनी मूठ छातीशी धरली. पाण्याखाली त्या खुणेचा अर्थ एकच : माझी हवा संपत आली. गाईडने मान डोलावून अंगठा वर केला, म्हणजे वर चला. जोडीने उतरलेल्यांनी जोडीनेच वर यायचे, या नियमाप्रमाणे त्यांची पत्नीही त्यांचा हात न सोडता वर निघाली.

शिडीशी पोहोचताच त्यांनी घड्याळ पाहिले. बावीस मिनिटे. बाकीची मंडळी अजून अर्धा तास तरी खाली राहणार होती.

"तुझी किती उरली?" त्यांनी तिच्या टाकीचा दाबमापक सुलटा करून पाहिला. एकशेतीस. "अगं, निम्म्याहून जास्त टाकी भरलेली आहे!"

"मग काय तळाशी ओतून यायची होती?"

गाईड हसला. "काका, तुम्ही माशांकडे बघतच नाही. सारखे त्या काट्याकडे! माणूस घाबरला की हवा नुसती पितो बघा."

"घाबरत नाही मी. लक्ष ठेवतो."

"घरी कुकरच्या शिट्टीवरही विश्वास नाही यांचा," पत्नी म्हणाली, आणि केस पुसायला तिने टॉवेल चाचपला.

त्यांचे खरे आडनाव निराळे होते. पण वीजकेंद्राच्या कार्यशाळेत चौतीस वर्षे दाबमापक तपासल्यावर ते नाव फक्त पगारपत्रकापुरते उरले. काटा दाखवील तोच आकडा नोंदवहीत जायचा, मग समोर कोणी का उभा असेना. या एका गोष्टीपायी त्यांच्या दोन बढत्या हुकल्या होत्या.

समुद्राची हौस तिची होती, आणि घाई डॉक्टरांची. तिच्या नजरेचा घेर कडांकडून आत आक्रसत चालला होता. "वर्षभर, फार तर दीड वर्ष," डॉक्टर म्हणाले होते. दवाखान्याच्या जिन्यात कठड्याला धरून उतरताना ती म्हणाली, "एकदा समुद्र आतून बघायचाय. तो मोठा पाकट मासा असतो ना, छताएवढा, पंख हलवत जातो तो. तेवढा बघितला की मग काय व्हायचं ते होवो." साठीच्या उंबरठ्यावर दोघे पोहण्याच्या तलावात दोन महिने श्वास घ्यायला शिकले, आणि आता बोटीवरच्या या चार दिवसांच्या सहलीला आले होते. तीन दिवसांत सहा बुड्या झाल्या. सहाही त्यांच्या हवेपायी अर्ध्यावर आटोपल्या. पाकट दिसला नव्हता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी गाईडला गाठले. "उद्याची शेवटची बुडी मी घेत नाही. तुम्ही हिच्याबरोबर राहा."

केबिनमध्ये ती टॉवेलाची घडी घालत होती. ऐकून हात थांबले.

"तुम्ही नाही, तर मीही नाही."

"वेडी आहेस का? माझ्यामुळे तुझं राहतंय सगळं."

"तुमचा हात असला की बरं वाटतं हो."

"त्या हातापायीच निम्मं बघायचं राहून गेलं तुझं. आता ऐक माझं."

ती टॉवेलाचे कोपरे बोटांनी चाचपून एकमेकांवर जुळवत राहिली.

सकाळी समुद्र काचेसारखा होता. काटेसाहेब घड्याळ हातात घेऊन कठड्याशी बसले. तिच्या श्वासाच्या हिशेबाने पन्नास मिनिटे सहज निघायला हवी होती. एकोणिसाव्या मिनिटाला पाण्यावर दोन डोकी आली.

"काळजी नको, काका! काकूंची हवा संपत आली म्हणून वर आणलं," गाईड ओरडला.

त्यांनी हात देऊन तिला वर घेतले. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"दिसला?"

"दिसला की! अगदी डोक्यावरून गेला. केवढा हो! काळाभोर." ती हसली. "जन्माचं सार्थक झालं."

त्यांनी सवयीने तिचा दाबमापक सुलटा केला. पंचेचाळीस.

अर्ध्या तासाने उरलेली मंडळी एकेक करून वर आली. प्रत्येकाच्या तोंडी एकच : खालून पाहिले तर त्या पाकटाचे पोट किती पांढरेशुभ्र! पाणी इतके नितळ की त्याच्या पोटावरचे ठिपकेसुद्धा मोजता आले असते.

काटेसाहेबांनी पुन्हा काट्याकडे पाहिले. चौतीस वर्षांत काटा त्यांच्याशी कधी खोटे बोलला नव्हता. सहा बुड्या ती सावकाश श्वास घेत होती, कारण तिच्या हातात एक हात होता. आपण तिला धीरासाठी धरले आहे, की तिने आपल्याला, एवढाच प्रश्न त्यांना पडत असे. ती त्या हाताच्या आधाराने वाट काढते आहे, हे मनातही आले नव्हते. घरातही गेले सहा महिने स्टूल जागचे हलले की ती चिडत असे. कपाटातला प्रत्येक डबा ठरल्या जागी लागे. तिने घर पाठ केले होते. समुद्र पाठ करता येत नाही. डॉक्टरांनी दिलेले वर्ष तिच्या डोळ्यांपुरते केव्हाच सरले होते, आणि ते तिने एकटीने सरू दिले होते.

आज तो हात त्यांनी स्वतः काढून घेतला होता.

"काका, तेवढी काकूंची नोंद भरा, मी त्यांची सही घेतो," गाईडने वही पुढे केली. 'काय दिसले' या रकान्यात त्यांनी रेखीव अक्षरात लिहिले : पाकट, मोठा. 'शिल्लक हवा' या रकान्याशी पेन थांबले. पत्नी शेजारी टॉवेल गुंडाळून बसली होती.

"काय लिहिलंत?" तिने विचारले.

"नेहमीचंच," ते म्हणाले, आणि एकशेतीस लिहिले.

मग पेन तिच्या हातात दिले. "कर सही."

पेन वहीच्या बाहेर, टेबलाच्या ओल्या लाकडावर टेकले. तिने पहिले अक्षर काढायला घेण्याआधी काटेसाहेबांनी, आवाज न करता, वही त्याखाली सरकवली.