लॅपटॉपच्या पोटात

अनुजाचा लॅपटॉप इतका मंद झाला होता, की तो सुरू करून ती चहा टाकायला जायची आणि चहा पिऊन झाला तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. देवबागला तिच्या घरी पर्यटकांसाठी दोन खोल्या होत्या. नवरा विनीत दिवसभर होडी घेऊन बाहेर, त्यामुळे बुकिंग, फोटो, लोकांना उत्तरं देणं हे सगळं तिच्याकडेच.

शेवटी विनीतच्या मित्राने, मितेशने, एसएसडी, म्हणजे वेगाने चालणारी नवी डिस्क, आणून दिली. कुडाळला तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा.

"वैनी, जुनी डिस्क काढूची, ही लावूची. तुमका जमतला."

अनुजाने रात्रभर लॅपटॉप चार्जरवर ठेवून जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरवून घेतलं. पलंगावरच, पाच वर्षांच्या लेकीच्या, किशोरीच्या, उशाशी.

सकाळी ती ओटीवर बसली. मोबाईलवर व्हिडिओ लावला, लॅपटॉप पालथा घातला आणि स्क्रू काढून वाटीत टाकू लागली. व्हिडिओतला माणूस तळाचं झाकण उचकटायला बरीच खटपट करत होता. इथे शेवटचा स्क्रू सुटला मात्र, झाकण फटकन आपोआप वर उडालं.

अनुजा दचकून मागे सरली.

आत बॅटरी होती. व्हिडिओत ती पापडासारखी सपाट दिसत होती. ही टम्म फुगली होती, वरचं काळं आवरण फाटून आतली चंदेरी पिशवी दिसत होती. एक गोडसर, औषधासारखा वास आला.

"काय गो झाला?" ओटीसमोरच्या खळ्यात जाळं विणत बसलेले सासरे, आबा, उठून आले. "ह्या तर केंडासारख्या फुगलाहा!" आणि त्यांनी अंगठा पुढे केला. केंड मासा पोट फुगवतो तेव्हा दाबून बघतात, तसा.

"आबा, हात लावू नकात!"

ती इतक्या जोरात ओरडली की किशोरी आतून धावत आली. सासऱ्यांवर तिने आजवर आवाज चढवला नव्हता. आबा तिच्याकडे बघतच राहिले.

तिने मितेशला फोन लावला. वर्णन ऐकताच तो घाईघाईने सांगू लागला.

"वैनी, दाबू नकात, टोचू नकात. वायर सोडवा, हळूच काढा आणि भायर वाळूत नेऊन ठेवा. घरापासून लांब. मी दुपारी येतंय."

तिने बॅटरीची वायर हळूच ओढली. वायर सुटली. आबांनी घमेल्यात कोरडी वाळू भरून आणली. अनुजाने बॅटरी तान्ह्या पोरासारखी दोन्ही हातांत धरून वाळूवर ठेवली. आबांनी घमेलं माडांच्या पलीकडे, किनाऱ्याच्या मोकळ्या वाळूत नेलं आणि परत येऊन पायरीवर बसले.

तोच एक कावळा घमेल्याच्या काठावर उतरला. उन्हात ती पिशवी चमकत होती, बांगडा माशाच्या पोटासारखी. आबा "हाड! हाड!" करत उठेपर्यंत त्याने चोच मारली.

आधी फुस्स असा आवाज आला, मग पांढऱ्या धुराचा लोट. कावळा किंचाळत उडाला. पाठोपाठ भडका उठला, माणसाच्या कमरेइतका, आणि दोनतीनदा फटफट वाजून वाळू उसळली.

किशोरी आईच्या पदराला बिलगली. अनुजाला आता एकेक आठवू लागलं. लॅपटॉपचं बटण महिनाभर नीट दाबलं जात नव्हतं, आतून काहीतरी वर ढकलत असल्यासारखं. पडद्याची बाजू मिटेना, तेव्हा ती तळव्याने जोर लावून मिटवायची. रोज दुपारी किशोरी तो मांडीवर घेऊन कार्टून बघायची आणि तशीच त्यावर डोकं टेकून झोपायची. अनुजा कौतुकाने तिचा फोटो काढायची.

 ती तिथेच पायरीवर बसली आणि किशोरीला इतकं घट्ट धरलं की पोर रडायला लागली.

"आग इझली," बऱ्याच वेळाने आबा म्हणाले. घमेल्याची कड काळी पडली होती. जवळ मात्र कोणी गेलं नाही.

दुपारी मितेश आला. त्याने ते घमेलं बघितलं, घर बघितलं, कौलांखालचे लाकडी वासे बघितले.  "तुम्ही आज उघडलात म्हणान वाचलात," एवढंच तो म्हणाला. मग त्याने एसएसडी बसवली आणि बॅटरीशिवाय, नुसत्या चार्जरवर लॅपटॉप टेबलावर लावला. चक्र फिरलं न फिरलं तोच पडदा उघडला. सगळे फोटो, सगळी बुकिंगं जागच्या जागी.

"बघा, कसो पळता तो!"

अनुजाने मान हलवली. ज्या वेगासाठी इतके दिवस जीव टाकला होता, तो समोर असूनही तिला टेबलाजवळ जाववेना.

आबा दाराला टेकून उभे होते.

"मितेश, असली बॅटरी आणखी कशात आसता रे?"

"सगळ्यात, आबा. मोबायलात सुद्धा."

आबांनी सदऱ्याच्या खिशातून, छातीवरून, आपला मोबाईल दोन बोटांनी बाहेर काढला. उलटा केला, कडेने निरखला, आणि ओटीच्या पार टोकाला नेऊन ठेवला.