हालचाल नाही

मला ब्लडप्रेशर नाही. तसं डॉक्टरांनी लिहून दिलंय, कागद कपाटात आहे. तरी त्या सोमवारी आमूची वही उघडली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. पानापानावर लाल पेन. "'हालचाल नाही' हे एकदाच लिहावे." पुढच्या पानावर, "'माहीत नाही' हे खोडा." आणि अगदी शेवटी, तिरक्या अक्षरात, "निष्कर्ष चुकीचा. पूर्ण जीवनचक्र दाखवा. फेरलेखन."

फेरलेखन म्हणे! पोरीनं डोळ्यांनी पाहिलेलं पुन्हा लिहायचं म्हणजे काय करायचं? डोळे बदलून आणायचे?

आमू म्हणजे आम्रपाली, माझी नात. बारावी सायन्सला आहे. आई-बाप दोघंही हिंजवडीला नोकरीला, सकाळी जातात ते अंधार पडल्यावर उगवतात. दिवसभर कोथरूडच्या या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. बायोलॉजीच्या प्रोजेक्टसाठी तिनं एक अळी घेतली होती. शुक्रवारपर्यंत वहीवर सरांची सही झाली नाही तर प्रॅक्टिकलला बसू देणार नाहीत, आणि प्रॅक्टिकल गेलं की बारावी गेली. हे तिनं मला भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. ती शांतच असते. घरातला सगळा संताप माझ्या वाट्याला आलाय.

अळी सापडली ती दिवाळीच्या सुट्टीत, आमच्याच गॅलरीतल्या तगरीवर. हिरवीगार, करंगळीच्या पेराएवढी, शेपटीवर बारीक काळं शिंग. मी म्हणालो, "फवारा मार काहीतरी, कुंडीची वाट लावेल ती." आमू म्हणाली, "आबा, हिचा पतंग होणार आहे. फुलपाखरू नाही, पतंग." आणि स्टूल टाकून बसली.

आता मी कोण तेही सांगतो. मी बाबुराव. आमूच्याच कॉलेजात बायोलॉजीच्या लॅबमध्ये तेहतीस वर्षं परिचर होतो. कॉलेजचं नाव घेत नाही, उगाच कुणाची अब्रू कशाला. तिथं मला लहानथोर सगळे 'मामा' म्हणायचे. बरण्या पुसल्या, झुरळं पुरवली, मायक्रोस्कोप मोजून कपाटात ठेवले. पण तेहतीस वर्षांत जे बायोलॉजी नाकात गेलं ते सगळं फॉर्मलिनच्या वासाचं. जिवंत असं काही मी पाहिलंच नव्हतं. माझी नात म्हणून कॉलेजात कुणाला सांगायचं नाही, असं आमूनं पहिल्याच दिवशी बजावलेलं. ओळखीनं काही नको म्हणाली.

तर एका मंगळवारी सकाळी नऊला अळीनं खाणं सोडलं. दिवसभर चरणारा जीव, एकदम कडक उपास. पानाच्या मधल्या शिरेवर तिनं थोडं रेशीम विणलं, मागच्या पायांनी ते गच्च धरलं, पुढचं अंग उचललं, मान आत घेतली आणि बसली ती बसलीच. आमू दर अर्ध्या तासानं लिहायची. नऊ वाजता, हालचाल नाही. साडेनऊ, हालचाल नाही. दहा, हालचाल नाही. वही इंग्रजीत, सरांचे शेरेही इंग्रजीतच, पण ती मला सगळं मराठीत वाचून दाखवायची, म्हणून मला पाठ. मी म्हणालो, "अगं, एकदाच लिही ना, दिवसभर हालचाल नाही म्हणून."

"दिवस अजून संपलाय कुठे, आबा?"

रात्रीचं तिनं लिहिलं, "दहा ते सहा मी झोपले होते. माहीत नाही."

बुधवारी मीही स्टूल आणलं. साडेदहाच्या सुमाराला अळीच्या डोक्यामागे फुगवटा दिसायला लागला. आमूनं भिंग दिलं. जुनं डोकं टोपणासारखं पुढे सरकलेलं आणि त्याच्यामागे, कातडीखाली, नवं मोठं डोकं. अकरा वीसला मानेमागे कातडी उसवली. मग शेपटीकडून पुढे एकेक लाट यायची आणि कातडी तेवढी मागे सरकायची, घट्ट मोजा उतरवावा तशी. कातडी रेशमाला धरून जागच्या जागी, आणि अळी तिच्यातून चालत बाहेर. शिंग निघालं ते मऊ, वाकडं. शेवटी तिनं तोंड पानावर घासलं आणि ते टोपण टपकन खाली पडलं. मोहरीच्या दाण्याएवढं! माझ्या तोंडून "आयला!" निघून गेलं. अर्ध्या तासानं बाईसाहेब मागे वळल्या आणि स्वतःचीच कात खाऊन मोकळ्या झाल्या.

त्या दिवशी मी जेवताना दुसरं काही बोललोच नाही. सुनेनं विचारलं, "मामंजी, बरं आहे ना?" म्हटलं, "बरं आहे. अडुसष्ट वर्षं उशीर झाला, एवढंच."

पुढच्या रविवारी अळी पुन्हा तशीच बसली. आता ती चांगली बोटभर झाली होती. सोमवारी दुपारी आमूचा क्लास. जाताना मला म्हणाली, "आबा, फक्त बघायचं. अर्ध्या तासानं लिहायचं. बाकी काही नाही." मी म्हटलं, "मला शिकवतेस?"

दोन वाजता गॅलरीत ऊन आलं. ऑक्टोबरचं ऊन पुण्यात कसं असतं ते सांगायला नको. ती बसली होती ते पान कडेनं सुकलेलं. मला वाटलं, उपाशी जीव, वरून ऊन, मरेल हो ही. आणि माझे हात तसलेच. तेहतीस वर्षं जी वस्तू दिसेल ती उचलून नीट ठेवायची सवय. दोन चाळीसला मी तिला चिमटीत धरलं. जरा ओढावं लागलं. सावलीतल्या कोवळ्या पानावर अलगद ठेवली आणि स्वतःवरच खूश झालो.

तीनच्या सुमाराला कातडी उसवली. लाटा यायला लागल्या. पण कातडी मागे राहीचना, तिच्याबरोबरच पुढे यायची. धरायला रेशीमच नव्हतं ना! ते मी खालच्या पानावर ठेवून आलो होतो. अर्धी बाहेर, अर्धी आत, आणि तोंडावर ते टोपण तसंच चिकटलेलं. तोंड उघडायला जागा नाही. पिळवटत राहिली. आमू परत आली तेव्हा मी कुंडीसमोर फतकल मारून बसलो होतो. तिनं एकदा अळीकडे पाहिलं, एकदा त्या रिकाम्या पानाकडे.

"किती वाजता उचललीत?"

"दोन चाळीस."

तिनं लिहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. सकाळी अळी मेलेली होती. मी म्हणालो, "आमू, ते उचलल्याचं वाक्य काढ ना. नुसतं मेली असं लिही."

"मग कशानं मेली लिहू?"

वाक्य राहिलं. खाली तिनं निष्कर्ष लिहिला, "आधार सुटला म्हणून कात निघाली नाही."

अशी ती वही. तिच्यात माझी चूक आहे, तारीख-वेळेसकट. नातीनं आजोबाला सोडलं नाही, आणि कोण कुठला मास्तर लाल पेन घेऊन म्हणतो निष्कर्ष चुकीचा! अळी जगली पाहिजे म्हणे, पतंग उडाला पाहिजे म्हणे. अहो, तो उडाला असता तर मला नको होतं का? माझ्याइतकं कुणाला हवं होतं?

लाल पेन पाहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी मी पायात चपला घातल्या. आमू म्हणाली, "आबा, तुम्ही येऊ नका. मी बोलते." म्हटलं, "तू बोल. मी शेजारी उभा राहतो." पण माझं उभं राहणं म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

लॅबचं दार तेच. आत वह्यांचा हा ढीग, आणि ढिगामागे आमूचे बायोलॉजीचे सुदर्शन सर, चाळिशीच्या आसपासचे. मी त्यांना ओळखलं नाही. मी वही टेबलावर ठेवली आणि सुरू झालो. म्हटलं, "सर, ही पोर दोन-दोन दिवस एका पानासमोर बसली. नाही हलली अळी, तर हलली लिहायचं? झोपली होती, तर जागी होते लिहायचं? आणि मेलेल्या अळीचा पतंग कुठून आणायचा, नेटवरून? शास्त्र शिकवता की नाटक बसवता?"

आमूनं माझी बाही ओढली. सर माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. मग एकदम हसले.

"मामा! अहो, मामाच ना तुम्ही? बसा, बसा. चहा सांगू?"

"चहा नको. उत्तर द्या."

"मामा, तुम्ही मला हे विचारताय?" सर अजून हसतच होते, आणि खोटं कशाला सांगू, त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. "मी बारावीला इथंच होतो. माझं झुरळ कापताना फाटलं होतं. तुम्ही त्या कोपऱ्यातल्या कपाटाच्या वरच्या खणातून जुनं जर्नल काढून दिलंत. म्हणालात, 'रडतोस काय, उतरवून काढ. साहेब काही वाचत नाहीत, फक्त सह्या करतात.' वीसपैकी एकोणीस मिळाले मला."

मला तो मुलगा आठवला नाही. कसा आठवणार? सबमिशनच्या आठवड्यात रांग लागायची माझ्यासमोर. दर वर्षी एक सुबक अक्षरातलं जर्नल मी बाजूला काढून ठेवायचो, पुढच्या वर्षीच्या पोरांसाठी. पोरं म्हणायची, मामा देवमाणूस आहेत. आणि मलाही तसंच वाटायचं.

"खरं का, आबा?" आमूनं विचारलं.

"खरं."

"किती जणांना दिलंत?"

"मोजले नाहीत गं."

तिनं माझी बाही सोडली. करून करून भागला आणि देवपूजेला लागला म्हणतात ना, तो मी. इतका वेळ ज्याच्यावर ओरडत होतो तो मास्तर मीच तयार केलेला. संताप गेला नाही, फक्त आता तो माझ्यावरच होता.

"जाऊ द्या हो मामा," सर म्हणाले, "तुमची नात आहे हे आधी नाही का सांगायचं!" त्यांनी वही ओढली, पहिल्या पानावरच्या सर्टिफिकेटवर झरकन सही केली, वर शिक्का मारला. "झालं. फेरलेखन वगैरे काही नको."

आणि माझा हात बघा! मी वही उचललीसुद्धा. "चल आमू," म्हणालो. सुटलो असंच वाटलं. पोरीचं वर्ष वाचलं, आणखी काय हवं?

आमू जागची हलली नाही. माझ्या हातातून वही घेतली आणि पुन्हा टेबलावर ठेवली.

"सर, ही सही खोडा."

"अगं, झाली ना सही!"

"तुम्ही ती आबांसाठी केलीत. काल ही वही चूक होती. आज एका पानालाही हात न लावता बरोबर कशी झाली?"

सरांचं हसू गेलं. मी घाबरलो. म्हटलं, "आमू, वर्ष जाईल तुझं."

"जाऊ दे, आबा." पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "चूक असेल तर नापास करा, सर. पण आधी वाचा. बाविसाव्या पानापासून वाचलंत तरी चालेल."

सरांनी बाविसावं पान काढलं. वाचता वाचता थांबले, माझ्याकडे पाहिलं. "'दोन चाळीसला आजोबांनी अळी उचलली.' मामा, हे तुम्ही?"

"मीच."

"आणि हे वाक्य राहावं म्हणून तुम्ही भांडायला आलात?"

"हो," मी म्हणालो. "तुमच्या झुरळाच्या वेळी नाही भांडलो. तेव्हा भांडायला हवं होतं."

सरांनी पान उलटून पुढचं वाचलं. मग त्यांनी विचारलं, "आधार सुटला म्हणून कात निघाली नाही, हे तुला कसं कळलं? पुस्तकात नाही हे."

"आधीच्या वेळी निघाली ती बघितली होती, सर. सोळाव्या पानावर आहे."

सरांनी आपल्याच सहीवर एक आडवी रेघ मारली. सही पुन्हा झाली ती गुरुवारी, पण ते नंतरचं. त्या वेळी त्यांनी फक्त खुर्ची पुढे ओढली, लाल पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं आणि वही पहिल्या पानापासून उघडली. नऊ वाजता. साडेनऊ. दहा. त्यांचं बोट एकेका ओळीवरून खाली येत होतं. आमू समोर उभी होती, मी दाराशी. तेहतीस वर्षं त्या लॅबमध्ये काढली मी, आणि जर्नल वाचणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.