अकरा तबकड्या

भर दुपारचं ऊन, शंभर-दीडशे माणसं वाळूवर उभी. सगळ्यांचे डोळे एका लाकडी तबकडीवर. बशीएवढी ती तबकडी धक्क्याच्या टोकावरून पाण्यात सोडली होती, आणि आता ती डुलत डुलत किनाऱ्याच्या कोपऱ्याकडे येत होती.

"येतोय," लाटबाबा म्हणाले. पांढराशुभ्र सदरा, कानाला हातभर शिंपला, डोळे मिटलेले. "फार लांबून येतोय आवाज. म्हणतोय, तिला सांगा, मी आहे. समुद्र खोटं बोलत नाही, लेकरांनो. माणसाला ऐकू येत नाही, एवढंच."

तबकडी वाळूला लागली. गर्दीतून एक सुस्कारा निघाला. पट्टीताई गुडघाभर पाण्यात शिरली, तबकडी उचलून तिने पदराने पुसली. तिच्याच अक्षरात त्यावर लिहिलं होतं, 'येताय ना?' ही तिची अकरावी तबकडी. अकराच्या अकरा परत आल्या होत्या.

बाबांचा कायदा साधा होता. समुद्रात हरवलेल्या माणसाला काय विचारायचं ते तबकडीवर लिहायचं आणि दर गुरुवारी बाबा सांगतील त्या घटकेला ती धक्क्यावरून सोडायची. परत आली, तर माणसाचं उत्तर 'हो'. बाहेर वाहून गेली, तर माणूस रागावलाय. मग त्याची एखादी वस्तू समुद्राला द्यायची, म्हणजे बाबांच्या हवाली करायची, ते ती पोचवत. जाळी विणणाऱ्या मावशीने मुलाचं घड्याळ दिलं, रेडिओ दिला, शेवटी सायकलही दिली. सायकल समुद्रातून कशी जाणार, हे कोणी विचारलं नाही. दुःखात माणूस हिशेब विचारत नाही, आणि बाबांचं सगळं दुकान त्याच्यावर चालत होतं.

पट्टीताईला हे नाव बंदरावरच्या लोकांनी दिलेलं. धक्क्याच्या टोकाला तिची दहा बाय आठची खोली होती. खोलीखाली विहिरीसारखा खड्डा, त्यात समुद्राचं पाणी, पाण्यावर तरंगणारा डबा. पाणी चढलं की डबा चढे आणि वरच्या कागदाच्या रिळावर पेन रेघ ओढे. बाहेर खांबावर आकड्यांची पट्टी. दर तासाला पट्टी वाचायची, वहीत मांडायची, आणि रोज सकाळी छापील पुस्तकातून त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा दारावरच्या फळ्यावर लिहायच्या. होडीवाले त्या बघून निघत.

आता तुम्ही म्हणाल, जी बाई आयुष्यभर भरती-ओहोटी लिहिते, तिला हे कळू नये? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण खरं सांगायचं तर तिला कळून घ्यायचंच नव्हतं. तिचा नवरा मालवाहू बोटीवर इंजिनवाला होता. सहा वर्षांपूर्वी "येतो" म्हणून निघाला. बोटही आली नाही आणि तोही आला नाही. नणंद दर महिन्याला फोनवर सांगे, "वहिनी, इकडे या राहायला, एकट्या कशाला झुरताय?" ताई म्हणायची, "हे आले आणि घराला कुलूप दिसलं तर?" संध्याकाळी खोली बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिच्याशी बोलणारं कोणी नसे. ती फार एकटी होती. आठवड्यात एक गुरुवार तिला कोणीतरी 'हो' म्हणत होतं, आणि ते सोडून द्यायला छातीच लागते.

बाराव्या गुरुवारी ताईला ताप आला. सकाळी कशीबशी फळा लिहून ती घरी जाऊन पडली. संध्याकाळी दार वाजलं. म्हातारा होडीवाला, मांडीपर्यंत चिखल.

"ताई, भांग प्यायली होतीस का सकाळी?"

"काय झालं, काका?"

"फळ्यावर तीन-दहाची भरती. मी तीनला आलो तर पाणीच नाही. होडी रुतली. आमचे बाप म्हणायचे, फळा काय म्हणतो ते नंतर, पाणी काय म्हणतं ते आधी. तुझ्यावर विसंबलो, ही माझी चूक."

तो जातोय तोवर शेजारीण आली. "ताई, आज अनर्थ झाला. बाबांनी पावणेदोनची घटका दिली होती. म्हणाले, आज एकूण एक तबकडी परत येणार. आणि सगळ्या बाहेर गेल्या. मग बाबा चिडले. मावशीकडे बोट करून म्हणाले, हिच्या मनात शंका आहे, हिच्यामुळे सगळ्यांची माणसं पाठ फिरवून गेली. लोकही तिला बोलले. ती घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसलीय. पाणीसुद्धा घेत नाही. म्हणते, माझं पोर माझ्यामुळे गेलं."

शेजारीण गेल्यावर ताई अंथरुणात उठून बसली. फळा चुकला, म्हणून होडी फसली, हे ठीक. पण फळा चुकल्यावर बाबा का चुकावा?

दुसऱ्या दिवशी ताप अंगात असतानाच ती खोलीवर गेली. पुस्तकात एका पानावर एक आठवडा असे. दमट हवेने दोन पानं चिकटली होती, आणि तिने पुढच्या आठवड्याच्या गुरुवारच्या वेळा उतरवल्या होत्या. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, त्याच्यामागून भरतीही तेवढीच उशिरा येते. सात दिवसांत जवळजवळ सहा तास. म्हणजे बरोब्बर उलटं. भरतीच्या जागी ओहोटी.

मग तिने कपाटातून जुनी रिळं काढली. अकरा गुरुवार एकेक करून जमिनीवर उलगडले. तिची तबकडी ज्या ज्या घटकेला सोडली होती, त्या त्या वेळी रेघ वर चढत होती, अकराही वेळा. मावशीची घटका बाबा नेहमी वेगळी द्यायचे, आणि त्या वेळी रेघ खाली उतरत होती. सगळं तिच्याच खोलीत, तिच्याच पेनाने लिहून ठेवलेलं होतं.

आणि मग तिला आठवलं. दर गुरुवारी सकाळी बाबा फळ्यासमोरून जाताना थांबायचे. "ताई, तुमचं अक्षर म्हणजे मोती. समुद्र तुमच्यावर प्रसन्न आहे." मावशीकडून वस्तू उकळायच्या, म्हणून मावशीला ओहोटी. फळा लिहिणारी बाई खूश राहायला हवी, म्हणून तिला भरती. सहा वर्षांत जे अकरा शब्द तिला मिळाले होते ते नवऱ्याचे नव्हते. तिच्या फळ्याबद्दल बाबाने फेकलेली ती लाच होती. ताई तिथेच रिळांमध्ये बसली आणि खूप वेळ रडली. गप्प राहिलं तर कोणालाच कळणार नव्हतं. पुढच्या गुरुवारी बारावी तबकडी परत येणार होती. आणि मावशी भिंतीकडे तोंड करून बसणार होती.

पुढच्या गुरुवारी सकाळी तिने फळा पुसून कोरा ठेवला. होडीवाल्यांना मात्र एकेकाला गाठून वेळ तोंडी सांगितली. सातच्या सुमारास बाबा आले. फळ्यापुढे थबकले, इकडेतिकडे पाहिलं, खिडकीशी आले.

"ताई, आज फळा कोरा?"

"हो. खडू संपलाय."

"मग वेळा? म्हणजे, बिचाऱ्या होडीवाल्यांची अडचण होईल हो."

"त्यांना सांगितल्या मी."

बाबा घुटमळले. "मलाही सांगून ठेवा. कोणी विचारलं तर..."

"बाबा, तुम्ही तर समुद्राशी रोज बोलता. त्यालाच विचारा की."

दुपारी वाळूवर गर्दी जमली, तेव्हा बाबांनी शिंपला कानाला लावून जाहीर केलं, "आज समुद्राचं मौन आहे." लोकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात धक्क्यावरून पट्टीताई आली. मागे शाळेच्या विज्ञानाच्या बाई आणि सातवीचा वर्ग. दर वर्षी बाई मुलांना ताईच्या खोलीत आणत. यंदा ताईनेच निरोप धाडून हा दिवस ठरवला होता. ताईच्या हाताला धरून मावशी होती. "शेवटचं एकदा चला, मग मी काही म्हणणार नाही," असं म्हणून ताईने तिला उठवून आणलं होतं.

"समुद्राचं मौन नाही," ताई म्हणाली. "फळा कोरा आहे, म्हणून यांचं मौन आहे. मागच्या गुरुवारी मी फळ्यावर चुकीच्या वेळा लिहिल्या. चूक माझी. पण समुद्राला कुठे फळा वाचता येतो? तो वाचणारा चुकला."

"ही शंका," बाबा गरजले. "हीच ती शंका, जिच्यामुळे..."

"दोन वाजायला पंधरा मिनिटं आहेत," ताई पुढे बोलतच राहिली. "तीन-दहापर्यंत पाणी चढणार. आता धक्क्यावरून जे काही टाकाल ते कोपऱ्यात येईल. मुलांनो, तबकड्या घ्या. वाटेल ते लिहा."

मुलांना तेच हवं होतं. एकाने लिहिलं 'खुर्ची'. एकाने 'उद्या सुट्टी आहे का?' पहिल्या रांगेतल्या चष्मेवालीने लिहिलं 'गणिताचा पेपर'. तबकड्या पडल्या, आणि वीस मिनिटांत एकामागून एक वाळूला लागल्या. गणिताचा पेपर सगळ्यांच्या आधी आला.

"खुर्ची कुठे बुडाली होती, बाबा?" होडीवाला काका मागून म्हणाला. पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

बाईंनी वाळूत काठीने आकृती काढली. चंद्र पाण्याला ओढतो, पाणी चढतं, ती भरती. उतरतं ती ओहोटी. पाणी नुसतं वर-खाली होत नाही, ते आत येतं आणि बाहेर जातं. त्या वाहण्याला प्रवाह म्हणायचं. अमावास्येला आणि पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत येऊन ओढतात, तेव्हा मोठी भरती, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास ओढ दोन दिशांना विभागली जाते, तेव्हा पाणी कमी चढतं, तो भांग. सातवीच्या पुस्तकातलं एक पान होतं ते.

"आणि शिंपल्यातला आवाज?" मावशीने हळूच विचारलं.

चष्मेवालीने आपल्या डब्याचं खोलगट झाकण कानाला लावलं. "यातही येतो, आजी. बाहेरचेच आवाज आत घुमतात." मावशीने झाकण कानाशी धरलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

बाबा म्हणाले, "समुद्राची परीक्षा पाहता, याचं फळ मिळेल." मग कोणी पाहतंय का ते बघत ते वाळूवरून रस्त्याकडे सरकले. चारच्या बसने ते गेले, असं नंतर कळलं. बसच्या वेळांचा फळा त्यांनी बरोबर वाचला असावा.

तीन-दहाला पाणी थांबलं. न चढणं, न उतरणं. लोक अजून उभेच होते. चार वाजता पाणी उतरायला लागलेलं पाहून ताई धक्क्याच्या टोकावर गेली. पिशवीतून तिने अकराही तबकड्या काढल्या. बाई जवळ येऊन हळू म्हणाल्या, "या कशाला? लोकांना पटलंय आता."

"मला पटायचंय," ताई म्हणाली.

तिने एकेक करून त्या पाण्यात सोडल्या. 'येताय ना?' असं लिहिलेल्या अकरा तबकड्या ओळीने धक्क्यापासून लांब, बाहेरच्या समुद्राकडे निघाल्या. त्या कुठे जाणार हे तिला मिनिटागणिक ठाऊक होतं, तरी शेवटची दिसेनाशी होईपर्यंत ती कोपऱ्यातल्या वाळूकडे वळून वळून पाहत होती. तिथे काहीच आलं नाही.

मावशी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. "पोरी, मग माझा मुलगा रागावला नव्हता?"

"नाही, मावशी. ओहोटी होती."

"माझ्या शंकेमुळे नाही?"

"तुमच्यामुळे नाही. कोणामुळेच नाही."

मावशीने डोळे पुसले. मग विचारलं, "आणि तुझे अकरा होकार?"

"ती भरती होती," ताई म्हणाली.

दोघी तिथेच बसल्या. ताईने खोलीतून पाण्याचा तांब्या आणला, आणि आठवड्यानंतर मावशी पोटभर पाणी प्यायली. रात्री कोणाच्या घरी जेवायचं यावर त्यांचा थोडा वाद झाला. शेवटी मावशीच्या घरी ठरलं.

माणूस हरवला की घरातली शांतता खायला उठते, आणि कोणीही 'हो' म्हटलं तरी ते आपल्या माणसाचंच वाटतं. त्यात दुःख करणाऱ्याचा दोष नाही. दोष त्या शांततेचा धंदा करणाऱ्याचा. तेव्हा कोणी तुमच्या हरवलेल्या माणसाचा निरोप आणला, तर रडण्याआधी एवढंच विचारा, तेव्हा पाणी कुठल्या दिशेला वाहत होतं, आणि हे याला आधी कोणी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीताईने पुस्तकाची पानं नीट सुटी करून पाहिली आणि फळा लिहिला. भरती, ओहोटी, पुन्हा भरती, पुन्हा ओहोटी. खाली जागा उरली होती, तिथे तिने लिहिलं, 'या वेळा फक्त पाण्याच्या आहेत. पाणी कोणाचा निरोप नेत नाही, आणत नाही.' होडीवाल्या काकांनी ते दोनदा वाचलं, पाण्याकडे एक नजर टाकली आणि होडी सोडली.