बुरन्याची गुरगुर

मित्रांनो, मी एका डोळ्याचा म्हातारा कुत्रा आहे. महाडजवळचं नाते गाव मागे टाकून वर चढत गेलं की डोंगराच्या उताराला एक वाडी लागते. तिथल्या शेवटच्या घरामागे मी राहतो. नवीन माणूस मला पाहून दोन पावलं मागे सरकतो, कारण माझं धूड मोठं आहे आणि डाव्या डोळ्याच्या जागी नुसती सुरकुतलेली कातडी आहे. तो डोळा कसा गेला ते मी सांगणार आहे. गोष्ट मारहाणीची आणि रक्ताची आहे. पण तुमच्याही घरी कुत्रा असेल, म्हणून ती तुम्ही ऐकावी असं मला वाटतं.

माझा जन्म मुंबईत एका वॉचमनच्या खोलीत झाला. आई उंचीपुरी जर्मन शेफर्ड होती. बाप कोण ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण तोही दांडगाच असणार. किशोर तेव्हा मुंबईत गाडी चालवायचा. त्याची आई चंद्रभागा गावी एकटी राहून शेती करत होती. तिला सोबत हवी म्हणून त्याने मला उचललं. वीर स्टेशनला उतरून तो रिक्षात बसला आणि महाड येईपर्यंत मी त्याच्या शर्टावर दोनदा ओकलो. तो रागावला नाही. रुमालाने माझंच तोंड आधी पुसलं.

घरी आल्यावर आजीने मला उचलून पाहिलं.

"किशोर, ह्यो कुत्रा हाय का रेडकू?"

"ब्रुनो नाव आहे त्याचं, आई."

"कसला बुरनू नि काय! बुरन्या म्हनीन मी."

मी बुरन्या झालो तो असा.

दोन पावसाळ्यांत मी एवढा वाढलो की मागच्या पायांवर उभा राहिलो तर पुढचे पाय आजीच्या खांद्यावर पोचत. माझं काम भात राखायचं. डोंगरातून रानडुकरं उतरतात आणि तयार झालेलं शेत तुडवून टाकतात. एकदा दिवेलागणीला आजी शेतावरून परतत होती. बांधाआडून एक मोठा नर डुक्कर अचानक तिच्या अंगावर धावला. मी मध्ये पडलो. त्याचा कान माझ्या दातांत आला आणि त्याचा सुळा माझ्या मांडीत घुसला. आम्ही दोघं चिखलात लोळलो. त्याच्या रक्ताची चव माझ्या तोंडात होती आणि माझं रक्त पाण्यात पसरत होतं. मी दात सोडले नाहीत. कान फाटून माझ्या तोंडात राहिला, तेव्हा कुठे तो ओरडत रानात पळाला.

आजीने माझ्या मांडीत हळद दाबली. वाडीतली माणसं मला बघायला आली. "वाघ हाय गो चंद्रभागे, वाघ!" शेजारचा धोंडू म्हणाला. त्या दिवसांत माझ्या ताकदीचं सगळ्यांना कौतुक होतं.

पुढे किशोरला महाडच्या एमआयडीसीत नोकरी मिळाली. तो बायकोला, सारिकाला, आणि छोट्या सेजलला घेऊन गावी राहायला आला. सेजल तेव्हा नुकती धावायला शिकली होती. ती मला फार आवडली. तिच्या हाताला दूधभाताचा वास यायचा. आम्हा कुत्र्यांना कोणी आवडलं की आम्ही त्याला अंग टेकून उभे राहतो. मी सेजलला अंग टेकलं आणि ती धपकन खाली बसली. मी तिचं तोंड चाटलं. ती खदखदून हसली. मग मी माझा पंजा तिच्या मांडीवर ठेवला.

किशोरचा धाकटा भाऊ भरत गणपतीला मुंबईहून आला होता. तो हे बघत होता.

"दादा, हे काय चाललंय? हा पोरीला डॉमिनेट करतोय!"

"खेळतोय रे तो."

"खेळत नाय. मी व्हिडिओ बघितलेत. पंजा ठेवला म्हणजे मी तुझा बॉस असं सांगतोय तो. याला आत्ताच जागा दाखवायला पायजे, नायतर उद्या पोरीला फाडेल."

तो उठला आणि त्याने माझा गळा पकडला. मला वाटलं, खेळायचं असेल. मी शेपूट हलवली. त्याने मला उचलून आपटलं, उताणं पाडलं आणि छातीवर गुडघा रोवला. माझा श्वास कोंडला. मी सुटायला धडपडलो की तो आणखी दाबायचा. शेवटी भीतीने मला तिथेच लघवी झाली आणि मी अंग सोडून दिलं.

"बघ! झाला ना सरळ?" भरत धापा टाकत म्हणाला. "आता कळलं त्याला बॉस कोण ते."

मित्रांनो, मला काहीच कळलं नव्हतं. मी एका लहान मुलीवर प्रेम करत होतो आणि एक माणूस मला जिवे मारायला उठला, एवढंच मला समजलं. त्या दिवसापासून मला पडवीत आखूड साखळीने बांधायला सुरुवात झाली.

साखळी मला चालली असती. पण सेजलला कोणी बांधलं नव्हतं. ती दिवसातून दहादा माझ्याकडे यायची. गळ्यात हात घालून लोंबायची, पाठीवर चढायची, बोटं नाकात घालायची. मी मान वळवायचो. ओठ चाटायचो. झोप नसताना जांभया द्यायचो. 'आता पुरे' असं म्हणायला आमच्याकडे एवढंच असतं. तिने मिठी मारली की मी दगडासारखा स्तब्ध व्हायचो. सारिका हौसेने फोटो काढायची.

"आई, बघा तरी! किती शांत उभा राहतो!"

"जीव हाय त्याचा पोरीवर," आजी म्हणायची.

जीव होताच. पण त्या घटकेला मी घाबरलेला असायचो. माझ्या प्रेमाला त्यांनी दांडगाई म्हटलं आणि माझ्या भीतीला ते प्रेम म्हणत होते.

दिवाळीनंतर भात झोडून झालं आणि माझा उजवा कान दुखायला लागला. आधी खाज, मग ठणका. मी डोकं झाडायचो, जमिनीला घासायचो. लांब केसांखाली आत काय झालंय ते कोणाला दिसलं नाही. एके सकाळी सेजलने नेमका तोच कान ओढला. माझ्या डोक्यातून कळ गेली आणि मी गुरगुरलो.

किशोर कामावर निघाला होता. त्याने ते ऐकलं. दारामागची वेळूची काठी घेतली आणि पाठीवर, पायांवर, मांडीतल्या डुकराच्या जुन्या जखमेवर मारत सुटला. "माझ्या पोरीवर गुरगुरतोस? परत करशील? करशील?" साखळीमुळे मला पळता येत नव्हतं. मी भिंतीला चिकटून मुतलो आणि कळवळलो. काठी मोडली तेव्हा तो थांबला.

नंतर आणखी दोनदा असंच झालं. मग मी शिकलो. गुरगुर घशात आली की मी ती गिळून टाकायचो. किशोरने भरतला फोनवर सांगितलं, "सुधारला रे. आता चूं करत नाही."

शिमग्याला भरत पुन्हा गावी आला. दुपारची वेळ होती. आजी गोठ्यात होती, सारिका मागे कपडे धूत होती, दोघे भाऊ जेवून पडले होते. मी पडवीत झोपलो होतो. खरं तर झोप नव्हती. कान इतका ठणकत होता की डोळे मिटून पडून राहणं एवढंच मला जमत होतं. सेजल आली. तिने माझ्यावर अंग टाकलं. मी उठलो, तोंड फिरवलं, जितकं लांब जाता येईल तितकं गेलो. साखळी ताणली गेली. पुढे भिंत होती. ती हसत मागून आली आणि माझा कान मुठीत घेऊन तिने तोंडाजवळ ओढला.

मी चावलो.

एकदाच. पण माझा जबडा रानडुकराचा कान फाडणारा जबडा होता, आणि समोर तीन वर्षांच्या मुलीचा गाल होता. ती असं किंचाळली की गोठ्यातली गुरं उठून उभी राहिली. तिच्या फ्रॉकवर रक्त ओघळत होतं. गालाचं कातडं लोंबत होतं.

किशोर बाहेर आला. त्याने काठी शोधली नाही. जात्याजवळचा लाकडी खुंटा उचलून त्याने माझ्या तोंडावर घातला. पहिल्याच घावात माझा डावा डोळा फुटला. मी पडलो. तो मारतच होता. मी दात दाखवले नाहीत.

"अहो, आधी पोरीला घ्या!" सारिका ओरडली. तिने सेजलच्या गालाला पदर दाबून धरला होता. "ती मरेल! पोरीला घ्या!"

धोंडूने रिक्षा काढली आणि किशोर-सारिका मुलीला घेऊन महाडला गेले. मागे भरत उरला. त्याने कोपऱ्यातली पहार घेतली, माझी साखळी सोडली आणि मला फरफटत घरामागे नेलं. माझ्या तोंडातून, डोळ्यातून रक्त वाहत होतं. आजी धावत आली आणि त्याच्या हाताला लोंबकळली.

"सोड रे त्याला! मुका जीव हाय त्यो!"

"आई, सरक! पोरीचं तोंड फाडलंय त्याने. तुला पोरगी पायजे की कुत्रा?"

आजी खाली बसून रडायला लागली. भरतने पहार डोक्यावर उचलली आणि त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने पहार टेकवून तो कानाला लावला. किशोरचा आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू आला.

"भरत, मारलास का त्याला? मारू नको! डॉक्टर म्हणतात, कुत्रा दहा दिवस बांधून ठेवा. पिसाळलेला आहे की नाही ते बघायचंय. पोरीला इंजेक्शनं दिलीत, पण कुत्रा जिवंत राहायला पाहिजे. ऐकतोयस ना?"

भरतने मला एक लाथ मारली आणि आंब्याच्या बुंध्याला बांधलं. कोणाला माझी दया आली म्हणून मी वाचलो नाही. सेजलसाठी मी जिवंत असणं गरजेचं होतं म्हणून वाचलो.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टर निशाताई मला तपासायला आल्या. त्यांनी माझ्या तोंडाला पट्टी बांधली आणि डोळा साफ केला. मग कानाला हात लावला. मी थरथर कापायला लागलो. त्यांनी बॅटरी लावून आत पाहिलं, चिमटा घातला आणि पुवाबरोबर एक लांब कुसळ बाहेर काढलं. गवताचं कुसळ. ते आत रुतत रुतत कानाच्या पडद्यापर्यंत गेलं होतं.

"हे कित्येक महिन्यांचं आहे," त्या म्हणाल्या. "कानाला हात लावला की हा गुरगुरायचा का?"

"आधी गुरगुरायचा," किशोर म्हणाला. "मग बंद केलं मी ते."

"कसं बंद केलं?"

किशोरने पडवीकडे पाहिलं. मोडक्या काठीचा तुकडा अजून तिथेच होता.

"तो तुम्हाला सांगत होता, किशोर. तुम्ही त्याचं सांगणंच बंद करून टाकलंत. मग त्याच्याकडे दातच राहिले."

सारिकाने मोबाइल पुढे केला. "पण हा फोटो बघा ना, डॉक्टर. ती बिलगायची तेव्हा किती शांत असायचा."

निशाताईंनी फोटो मोठा करून पाहिला. "शांत नाही, ताई. कान मागे गेलेत, तोंड घट्ट मिटलंय, डोळ्याचं पांढरं दिसतंय. कसाबसा सहन करतोय तो. एवढं लहान मूल आणि कुत्रा, मग तो कितीही गुणी असू दे, मोठं माणूस मध्ये नसताना एकत्र ठेवायचे नाहीत."

सारिकाने फोटो जवळ धरून पुन्हा पाहिला. तिच्या साडीवर अजून रक्ताचे डाग होते.

दहा दिवस मी जगलो. मला रोग नव्हता. अकराव्या दिवशी भरत म्हणाला, "आता तरी संपवू या." किशोरने बायकोकडे पाहिलं.

"माझ्या पोरीच्या गालाला टाके आहेत," सारिका म्हणाली. "हा मला घरात नको. पडवीतसुद्धा नको. पण याला कोणी मारायचं नाही. तुम्ही जाळी आणा."

घरामागे किशोरने स्वतः खांब रोवले, उंच जाळी बांधली, वर पत्रा घातला. काम करताना तो माझ्याकडे बघत नव्हता. शेवटी पाण्याची घमेली ठेवायला आत आला, तेव्हा मी जाळीला चिकटून थरथरलो. तो तिथेच उकिडवा बसला आणि हातात तोंड लपवून रडला. मी जवळ गेलो नाही. माझ्याने जाववलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरचा कुत्रा मान फिरवतो, ओठ चाटतो, उठून लांब जातो, तेव्हा तो तुमच्याशी बोलत असतो. त्याला जाऊ द्या. तो गुरगुरला तर त्याला मारू नका, मागे सरका आणि मोठ्यांना हाक मारा. जेवताना, झोपेत, दुखण्यात त्याच्या अंगावर पडू नका. आणि घरातल्या मोठ्यांना माझी ही गोष्ट सांगा, कारण साखळी त्यांच्या हातात असते.

सेजल आता शाळेत जाते. तिच्या गालावर ओठापासून कानापर्यंत पांढरी रेघ आहे. शाळेतली मुलं तिला त्यावरून चिडवतात, हे मी तिच्या रडण्यातून ऐकलं आहे. इतकी वर्षं ती जाळीजवळ आली नव्हती. परवा संध्याकाळी आजीचा हात धरून आली.

"आजी, तो माझ्यावर रागावला होता का गं?"

"नाय गो बाय. त्याला दुखत व्हतं. आनी तू लहान व्हतीस."

सेजल जाळीबाहेर बसली. माझ्याकडे टक लावून न बघता बाजूला तोंड करून बसली. हात स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला. मी खूप वेळाने उठलो. जाळीतून तिच्या हाताचा वास घेतला. मग मला पुरे वाटलं आणि मी मागे वळलो.

"हाक मार त्याला," आजी म्हणाली. "यील परत."

"नको, आजी," सेजल म्हणाली. "त्याला जायचंय."