पीछे मूड उजवीकडनंच

हंबीरराव बावीस वर्षं फौजेत होते. त्यातली शेवटची नऊ वर्षं नव्या रंगरुटांना परेड शिकवणारे उस्ताद. माणूस मायाळू, पण एकदा ठरवलं की ठरवलं. पोरगी संयोगिता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला कॉम्प्लेक्स ॲनालिसिसमध्ये चार मार्कांनी राहिली, आणि त्यांनी ठरवून टाकलं. गणित पुरे. सोमवारपासून जयराजच्या अकॅडमीत पोलीस भरतीची तयारी. नावसुद्धा देऊन आले, पोरीला न विचारता! आता वीस वर्षांच्या पोरीचं नाव असं परस्पर द्यायचं असतं का?

संयोगिताला परत परीक्षेला बसायचं होतं, पुढं एम.एस्सी. करायची होती. पण बापापुढं शब्द फुटेना. रविवारी सकाळी ती साताऱ्यातल्या घरापुढच्या फरशीवर उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊन बसली. खडूनं एक आडवी, एक उभी रेघ मारली आणि कुठं माती खाल्ली ते शोधायला लागली.

हंबीरराव चहाचा कप घेऊन बाहेर आले. "काय मांडलंयस गं हे?"

"आकडे. हितं मधी उभं ऱ्हावा, आबा. तोंड पूर्वेला. आता तुमी म्हंजी एक हा आकडा. घ्या, बाएँ मूड."

कप कट्ट्यावर गेला, टाचा वाजल्या. तोंड उत्तरेला.

"हा झाला i नं गुणाकार. i नं गुणायचं म्हंजी डावीकडं काटकोनात वळायचं, बास्स. परत एकदा."

तोंड पश्चिमेला.

"हे वजा एक. दोनदा वळलात आणि उलटे झालात. म्हणून i चा वर्ग वजा एक."

"आरं तिच्या! ही तर परेड हाय! एवढ्यासाठी वर्षभर डोकं धरून बसत व्हतीस?"

"आता पूर्वेला तोंड करा. पीछे मूड घ्या, पण निम्म्यात थांबा. वजा एकचं वर्गमूळ तिथं असतंय."

हंबीरराव वळले आणि निम्म्यात थांबले. तोंड दक्षिणेला!

"चुकलं, आबा. डावीकडनं."

"चुकलं? मला सांगतीस?" हंबीररावांचा पारा चढला. "पीछे मूड उजवीकडनंच असतंय. तू पाचवीत व्हतीस तवापासनं ह्याच फरशीवर शिकवलंय तुला!"

संयोगितानं खडूच्या रेघांवरून बोट फिरवून बघितलं. दक्षिणेकडून आणखी एकदा उजवीकडं वळलं तरी पश्चिमच येते की! म्हणजे आबाही बरोबर. वर्गमुळं दोन आहेत, एक डावीकडून जाणाऱ्याचं, एक उजवीकडून जाणाऱ्याचं. पण पेपरातल्या गणितांत वर्तुळाभोवती फेरी घालायची असते, आणि पुस्तकाच्या नियमानं ती डावीकडूनच, घड्याळाच्या काट्याच्या उलट. तिनं झेरॉक्स ओढली. पहिल्या प्रश्नात ती वर्तुळाभोवती काट्याबरोबर फिरली होती. आकडा बरोबर, चिन्ह उलटं. दुसऱ्यात तेच. पाचही प्रश्नांत तेच.

"आबा," हसावं का रडावं तिला कळेना, "मी पेपरात पीछे मूड घेतलंय. पाची ठिकाणी."

हंबीरराव वाकले. गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तिनं काढलेले बाण कळले. सगळे उजवीकडं वळलेले.

"म्हंजी माझ्यामुळं?"

"तुमच्यामुळं न्हाई. मी ध्यान दिलं न्हाई." मग तिनं धीर केला. "एक विचारू? रंगरूट पहिल्यांदा चुकीचा वळला, तर तुमी त्याला घरी धाडत व्हता?"

"न्हाई. जमेस्तवर करून घ्यायचो."

"मग मलाच का?"

हे मात्र वर्मी लागलं. निकाल लागल्यापासून 'नापास' हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नव्हता. गल्लीत विचारणाऱ्याला सांगायचे, पोरीला पोलिसातच जायचंय. पोरीपेक्षा त्यांनाच लाज जास्त वाटत होती, आणि ते त्यांना या घटकेला कळलं. पोरीकडं बघवेना. त्यांनी खिशातून फोन काढला. फौजी आवाज तो, समोरची बनाबाई भांडी घासायची थांबून ऐकायला लागली.

"जयराज, माझ्या पोरीचं नाव काढ. न्हाई रं, आजारी न्हाई. नापास झालीया. व्हय, नापास! परत बसणार हाय ती."