आठवी बाटली

टेबलावर सांडपाण्याच्या नमुन्यांच्या आठ बाटल्या होत्या. सात उघडलेल्या, आठवीचं सील शाबूत. रजिस्टरमध्ये मात्र आठही नोंदी होत्या, आणि आठवीपुढचा ७.२ हा आकडा यशोधराच्याच अक्षरातला होता.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या या कारखान्याच्या सांडपाण्याचा पीएच सहा ते साडेआठच्या आत असेल तरच ते बाहेर सोडता येई. तपासणी यशोधराची, सही गायकर सरांची.

'रोज सात पॉइंट दोनच येतो,' ती मनात म्हणाली. 'आणि सगळेच असं करतात.'

'करत असतील. तू केलंस की नाही?' आतल्या आवाजाने विचारलं.

'दमले होते.'

'चहा प्यायला बरा वेळ मिळाला.'

'मिळाला,' तिने मान्य केलं. 'कंटाळा केला आणि खोटं लिहिलं.'

मग आतला आवाज जरा निवळला. 'लिहिलंस. आता जाऊन सांग. लाज वाटेल, वाटू दे. मी आहे बरोबर.'

ती उठणार तोच गायकर सर पेन उघडत आले. "यशोधरा मॅडम, तुमच्या रजिस्टरवर मी डोळे मिटून सही करतो. बाकीचे लोक आकडे घरूनच डब्यात आणतात."

तिचे कान तापले. "सर, आज मीही आणलाय. आठवी बाटली उघडलेलीच नाही."

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"मग उघडा," म्हणाले आणि तिथेच उभे राहिले.

तिने सील तोडलं, मीटरचा इलेक्ट्रोड धुऊन नमुन्यात बुडवला आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबली.

५.४.