फॉन्सीची सहा मिनिटं

आमच्या काउंटीच्या फुटबॉल संघाचा शंभर वर्षांचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण समितीतल्या बाकी अकरा जणांना स्वतःच्या सहीपलीकडे काही लिहिता येत नाही. हे मी खात्रीने सांगते. त्यातल्या नऊ जणांना मीच शिकवलंय.

आमचा फुटबॉल इथला, गावठी: चेंडू हाताने, मुठीनेही मारता येतो आणि हिशोब गुणांत. इतिहास तसा लहानच आहे. शंभर वर्षांत आम्ही प्रांताच्या अंतिम सामन्यापर्यंत एकदाच पोचलो, एकोणसाठ साली, आणि एका गुणाने हरलो. त्या एका गुणावर गावातले चार पब पन्नास वर्षं चाललेत. कुणीतरी सुस्कारा टाकून म्हणतं, "ह्यूबी मॅकगव्हर्न असता तर!" आणि सगळे आपापल्या पेल्यात बघत बसतात. ह्यूबी नव्हता, कारण आदल्या नोव्हेंबरात नदीपलीकडच्या काउंटीशी खेळताना त्याने जार्लथ टायमनचा जबडा मोडला आणि त्याच्यावर वर्षाची बंदी आली. तेव्हापासून त्याला 'ठोसा' म्हणतात. पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारतो.

पुस्तकाच्या शेवटी एक यादी द्यायची होती. काउंटीची जर्सी घालून जो कुणी मैदानात उतरला, त्या प्रत्येकाचं नाव. पुस्तक विकत घेणारा आधी तेच पान उघडणार आणि बहुतेक तेवढंच वाचणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी नियम केला: वर्तमानपत्रातली बातमी, नाहीतर पंचांची चिठ्ठी, आणि दोन्ही नसतील तर दोन साक्षीदारांच्या सह्या.

मार्चमध्ये फॉन्सी ग्रीहन माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. येताना बदकाची डझनभर अंडी घेऊन आला होता, तेव्हाच मला शंका आली. फॉन्सी म्हणजे ह्यूबीचा मेव्हणा. ह्यूबीची बहीण नोरा त्याला दिली होती. तरुणपणी अकरा सामन्यांत तो राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसला होता, आणि उठला तो फक्त घरी जायला, अशी आमची सगळ्यांची समजूत होती.

"बाई, यादीत माझं नाव घालशील ना?" शाळेत आम्ही एका वर्गात होतो, तरी हा मला बाईच म्हणतो. सगळेच म्हणतात.

"कशाबद्दल? बाक गरम ठेवल्याबद्दल?"

"खेळलोय मी. त्याच सामन्यात, ज्यात तो जबडा मोडला. टॉमी बर्नचा पाय मुरगळला आणि मला आत ढकललं. शेवटची सहा मिनिटं."

"कुणी पाहिलं?"

"अगं, धुकं होतं!"

धुकं होतं हे मात्र खरं. त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रात छापलंय की आमच्या बातमीदाराला गोलाचे खांबही दिसले नाहीत, गुण पंचांना विचारून लिहिले. पंचांची चिठ्ठी खिशात भिजून लगदा झाली होती. संघाचा प्रशिक्षक वारला, आणि टॉमी बर्न बॉस्टनला गेला तो तिकडेच वारला.

"मग ह्यूबीला विचारते. तो होता ना मैदानात?"

"नको नको!" असं म्हणताना त्याचा चहा बशीत सांडला. "त्याला कशाला उगाच त्रास?"

"फॉन्सी, धुक्यातली सहा मिनिटं म्हटली तर मीसुद्धा खेळले असेन."

तो हसला, पण चहा तसाच टाकून गेला. आणि मी काय केलं? हा किस्सा दुकानात सांगितला, टपाल कचेरीत सांगितला, गुरुवारी पत्ते खेळताना सांगितला. आठवड्याभरात लोकांनी त्याला सळो की पळो करून सोडलं. "काल सकाळी धुकं होतं बरं का, किती गोल मारलेस?" तोही हसून साजरं करायचा.

नंतर तो आणखी दोनदा आला. शेवटच्या वेळी अंडी नव्हती. टोपी हातात फिरवत उभाच राहिला.

"नोराला मी सांगितलं होतं, मी काउंटीकडून खेळलो म्हणून. चव्वेचाळीस वर्षांत तिने एकदाही विचारलं नाही, कुणी पाहिलं म्हणून. ती गेल्यापासून वाटतं, कुठेतरी लिहिलेलं असावं."

मला माझीच लाज वाटली. पण नियम मीच केला होता, आणि तो मोडला असता तर दुसऱ्या दिवशी माझ्या दारात शंभर माणसं उभी राहिली असती.

मे महिन्यात मी नदीपलीकडे गेले, जार्लथ टायमनकडे. त्या बंदीवर एक प्रकरण लिहायचं होतं. त्याचं पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे. जबडा अजून थोडा डावीकडे आहे.

"तुमच्या पुस्तकात एक दुरुस्ती करा, बाई," तो म्हणाला. "मला मारलं ते ह्यूबीने नाही."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"दीड महिना तोंड तारेने बांधलेलं होतं माझं! नंतर बोललो. आमचे लोक म्हणाले, गप्प बैस, त्यांचा सगळ्यात चांगला खेळाडू बाहेर बसलाय." तो छान हसला. "धुक्यातून फक्त एक बाही आली, बघा. आम्ही सगळे टाचेपासून केसांपर्यंत चिखलात, आणि ही बाही कोरडी, इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती. वर म्हणाला, 'माफ करा हं, दादा.' ह्यूबीने जन्मात कुणाची माफी मागितली आहे का?"

कोरडी बाही. शेवटच्या सहा मिनिटांत त्या मैदानावर अशी बाही एकाच माणसाची असू शकत होती. परत येताना मी गाडी थेट फॉन्सीच्या कुरणाशी थांबवली. तो कुंपणाची तार ओढत होता.

"एक साक्षीदार मिळाला," मी म्हटलं. "जार्लथ टायमन."

त्याच्या हातातली पक्कड खाली पडली.

"चेंडू समजून मारला गं," तो म्हणाला. "उंच येत होता, मी उडी मारली आणि मूठ हाणली. जरा कडक लागला, तेव्हाच कळायला हवं होतं."

"आणि ह्यूबीला बाहेर काढलं तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझंही?"

"त्याच रविवारी नोराच्या घरी मागणी घालायला जायचं होतं. म्हटलं, आठवड्याने सांगू. मग बंदी आली. मग अंतिम सामना हरलो. त्यानंतर कुणाला सांगणार, बाई? अख्खी काउंटी अंगावर आली असती."

"दुसरी सही ह्यूबीची लागेल. आणि ती मागायची तर हे सगळं सांगावं लागेल. नाहीतर नाव नाही."

"मग राहू दे नाव," तो म्हणाला आणि पक्कड शोधू लागला. मी घरी आले. मला खरोखर वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी अकराची प्रार्थना सुटली, तेव्हा तो चर्चच्या भिंतीशी उभा होता. मला म्हणाला, "तो सह्यांचा कागद आणलास का?" मग सरळ ह्यूबीपुढे जाऊन उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं, एका दमात, बुटांकडे बघत.

ह्यूबी धिप्पाड गडी. मला वाटलं, दुसरा जबडा आज मोडतो.

"मी जार्लथला उठवायला वाकलो होतो, तेवढ्यात पंच आले," ह्यूबी म्हणाला.

"माहितीय मला."

"अंतिम सामन्याचं काही नाही रे. मी असतो तरी हरलोच असतो, आपली बचावफळी पाहिली होती ना? पण बाबांना सांगितलं होतं मी. आईच्या शपथेवर. म्हणाले, मारतोस ते मारतोस, वर खोटं बोलतोस. मरेपर्यंत तेच. आणि तुझं कौतुक! जावई बघ, किती गरीब! मुंगी मारणार नाही!"

पन्नास वर्षं लोक त्याला ठोसा म्हणत आले आणि तो हसत आला. त्या ठोशाची गोष्ट त्याने स्वतः कधीच सांगितली नव्हती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. इतिहास लिहिणारी मी.

ह्यूबीने फॉन्सीचं कोपर धरलं आणि त्याला चर्चमागच्या दफनभूमीत घेऊन गेला. मीही गेले. बापाच्या थडग्यापुढे त्याला उभं केलं.

"सांग त्यांना."

फॉन्सीने टोपी काढली. "बाबा," तो पुटपुटला, "जबडा मी मोडला. ह्यूबी खरं बोलत होता."

"मोठ्याने," ह्यूबी म्हणाला. "शेवटी शेवटी त्यांना ऐकू येत नव्हतं."

फॉन्सी ओरडला. फाटकाशी वर्तमानपत्रं घेणारी, मुलांना गाडीत बसवणारी सगळी माणसं जागच्या जागी थांबली. कुणी न सांगता तो पुन्हा ओरडला, "ह्यूबी खरं बोलत होता!" आता पुस्तकाची वाट बघायची कुणाला गरज राहिली नव्हती.

ह्यूबीने बाहीने तोंड पुसलं.

"नाताळपर्यंत तरी माझ्याशी बोलू नकोस," तो फॉन्सीला म्हणाला. मग माझ्या हातातला कागद घेतला, बापाच्या दगडावर नीट पसरला आणि सही केली.